सहा पायांची बाज

विश्रामबाग, सांगली
दि. ११ डिसेंबर १९७४

चि. अंजना हिस,

अनेक आशीर्वाद. (चि.च्या पुढे सौ. लिहावे की नाही, यावर पेन बराच वेळ अडले. शेवटी जागा सोडली आहे, तुझी तू भर.)

तुझे पत्र पोचले. दोन वर्षांनी तुझे अक्षर पाहिले. अजून ओळ उजवीकडे चढतेच. पाय थोडे सुजतात, बाकी प्रकृती बरी आहे, सासूबाई फार करतात, 'हे' सीमेवर आहेत, सगळे वाचले. 'हे' म्हणजे कोण, ते लक्षात यायला मला क्षणभर लागले. सयाजी म्हणायचे आहे ना? असो. सीमेवर आहेत तर तिथेच सुखरूप राहोत.

इकडे थंडी बरी पडली आहे. निवृत्तीनंतर वेळ कसा जातो असे विचारतेस. झकास जातो. पाटबंधारे खात्यात होतो तेव्हा दुसऱ्यांनी केलेले वाकडे काम सरळ करून घेण्यात जन्म गेला. आता स्वतःच्या हाताने करतो आणि सरळच करतो.

पत्राच्या शेवटी तू लिहितेस, "बाबा, सासूबाई सांगत होत्या ते खरेच निघाले. आईनेही कळवले की तुम्ही माझ्या खोलीत माझ्यासाठी बाज करताय. वाचून मला रडू आवरेना. सासूबाईंना वाचून दाखवले, त्यांनीही डोळ्यांना पदर लावला. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे असे फार वाटत होते, पण तोंड उघडायची हिंमत नव्हती. आता तुम्हीच बोलावताय. न्यायला कधी येता?"

त्याचे उत्तर याच पत्रात देतो. पण मी कामाचा माणूस, आधी काम सांगू दे.

लाकूड सागवान आहे, दांडेलीचे. तू मॅट्रिक झालीस त्या वर्षी मी स्वतः जाऊन निवडून आणले होते. तुझ्या लग्नात द्यायचा पलंग, कपाट आणि आरशाचे टेबल त्यातून निघेल असा अंदाज होता. तू लग्न रजिस्टर कचेरीत उरकलेस आणि मला ते क्लबात पत्ते खेळताना तिसऱ्याच माणसाकडून कळले. हातात पाने तशीच धरून बसलो होतो. लोक म्हणाले, गंगाधरपंत, उतारी तुमची. मी उतारी केली, डाव पुरा खेळलो आणि घरी आलो. त्या दिवसानंतर फळ्या माळ्यावर पडून राहिल्या. पडून राहिलेले सागवान उत्तम, मग ते पीळ घेत नाही. तेवढ्यापुरते तुझे आभार मानायला हवेत.

त्यातल्या मोठ्या जाड फळ्या चिरायला कुपवाडचा गुंडा सुतार बोलावला. त्यापुढचा रंधा आणि पटाशी माझीच. लांबी सहा फूट, रुंदी अडीच, उंची कमरेइतकी. पाय चांगले मनगटाएवढे नव्हे, मांडीएवढे जाड, आणि चार नाहीत, सहा. दोन मधोमध. कुठेही खिळा नाही. पायांना खाचा पाडून आडव्या पट्ट्यांची टोके त्यांत ठोकून बसवली, सरस लावून. फरशी एका कोपऱ्यात किंचित उतरती निघाली. पाणसळ लावून त्या पायाखाली सागाचीच पातळ चकती घातली. आता वर पेला काठोकाठ भरून ठेवला तरी सांडत नाही. तुझ्या खोलीत जोडणी केली, कारण जोडल्यावर ते दारातून आत जाणार नव्हते. गुंडा म्हणाला, "सायेब, मग भाईर बी न्हाई निगायचं. पुन्यांदा काडायची येळ आली तर तोडावंच लागंल." मी त्याला म्हटले, मला ते काढायचेच नाही.

आता तुझ्या आईचे ऐक. तिने काय पाहिले? सहा फुटांची चौकट, खाली मोकळी, शेगडी सरकवायला हवी तेवढी जागा. तिच्या डोक्यात बाळंतिणीची बाज शिरली. मला विचारले असते तर मी सांगितले असते. तिने विचारले ते एवढेच, "सहा पाय कशाला हो?" मी म्हटले, वजन पडणार आहे. ती हसली. म्हणाली, अंजू एवढी काही सुटली नसेल. मी म्हटले, सात-आठ पोत्यांचे तरी पडेल. ती आणखीच हसली. दोन वर्षांत तिला असे हसताना मी पाहिले नव्हते. मी पुन्हा रंध्याला लागलो.

मी एक शब्दही खोटे बोललो नाही, हे तू ध्यानात ठेव. बाज हा शब्द माझ्या तोंडून गेलेला नाही.

मी करत होतो ते काचेच्या टाकीचे स्टँड. माशांची टाकी, अंजना. मिरजेला एका ओळखीच्यांकडे पाहिली होती तेव्हापासून मनात होती, त्यांच्याहून मोठी करायची ठरवली. पाणी फार जड असते. साधे टेबल घेतले तर टाकी भरता भरता एका बाजूला कलते आणि काच तडकते. म्हणून सहा पाय.

तुझी आई महिनाभर बाळंतिणीच्या तयारीत होती. जुनी पातळे फाडून दुपटी शिवली. डिंक तळला, खारीक कुटली. अळीव आणले. मी लाडू चाखून पाहिला, चांगला वळला होता. तुझी खोली तिने सारवायचीच बाकी ठेवली होती, फरशी आहे म्हणून. भिंतीवरच्या तुझ्या बक्षिसांच्या तसबिरी पुसून पुन्हा सरळ लावल्या. मी पॉलिशचा हात देत होतो आणि ती स्टुलावर उभी राहून मला विचारत होती, डोके कुठल्या बाजूला करायचे. मी म्हटले, तुला हवे तिकडे कर.

मग तुझ्या सासूबाई, शालूबाई, आल्या. हे तुला त्यांनी सांगितले असेलच, पण त्यांना दिसले तेवढेच त्यांनी सांगितले असणार. साताऱ्याच्या एस.टी.ने आल्या. हातात नारळ आणि बगलेत नवी काळी घोंगडी. बाई धीराची आहे, एवढे मी मान्य करतो. मी बसा म्हणेपर्यंत उभी राहिली, आणि मी तसे म्हटलेच नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "आवं पावनं, पोरांनी केलं ते केलं. आमाला बी त्यो धक्काच हुता. पर पयलं बाळंतपण हाय, पोर रोज तुमच्या वाटंकडं डोळं लावून बसती. मी तिला म्हायेरी घालवाय तयार हाय. तुमी निस्तं हो म्हना."

मी हो म्हटले नाही, नाही म्हटले नाही. तुझी आई तिचा हात धरून तिला खोलीत घेऊन गेली. शालूबाईंनी स्टँड पाहिले, दोन्ही हातांनी हलवून पाहिले. हलले नाही. मोठ्याने हसून म्हणाल्या, "लय मजबूत बाज केलीसा. हिच्यावर नातवंड काय, पल्टन निजंल." मग दोघींनी मिळून सहाही पायांना हळदकुंकू लावले. नारळ फोडला. शालूबाईंनी घोंगडी वर पसरली आणि म्हणाल्या, नव्या लोकरीची हाय, पोरीला गारठा लागायचा न्हाई. माझ्या पाया पडायला वाकल्या. मी दारातच उभा होतो, बाजूला झालो नाही. पाया पडून घेतले.

त्या खुशीत परत गेल्या. आईने त्याच दिवशी तुला पत्र टाकले. ते तुला पोचले आणि तू रडलीस.

टाकी नंतर कोल्हापूरहून आली. लोखंडी अँगलची चौकट, जाड काचा, चार हमालांनी उचलून आणली. काचेखाली मऊ काहीतरी लागते, नाहीतर बारीक खडा आला तरी तळाला तडा जातो. मी कांबळे शोधणार होतो, पण घोंगडी आयती पसरलेलीच होती, आणि मापातही बसली. शालूबाईंना सांग, लोकर खरोखर चांगली आहे.

तुझी आई दारात उभी होती. हमाल गेले. मग तिने विचारले, "मग अंजू कुठे निजणार?"

मी म्हटले, "जिथे आमची परवानगी न विचारता निजते, तिथे."

टाकी भरायला नळाला रबरी नळी लावली. पाणी चढत गेले तसा मी एकेका सांध्याला हात लावून पाहिला. कुरकुर नाही, हुंकार नाही. असे काम मी धरणावरदेखील केले नसेल. तुझ्या खिडकीतून ऊन येते आणि उन्हाने पाण्यात शेवाळ धरते, म्हणून खिडकी आतून काळ्या कागदाने बंद केली आहे. तसबिरी काढल्या, दमटपणाने खराब होतील. सोनमासे आहेत, काही काळे आहेत, चपट्या अंगाचे पट्ट्यापट्ट्यांचेही चार आहेत. तुझ्या सासरी मासे ताटात दिसतात, आमच्याकडे काचेत. ज्याचे त्याचे घर.

तर हे तुझ्या प्रश्नाचे उत्तर झाले. तुला न्यायला कोणी येणार नाही. तुझ्या खोलीत आता जागा नाही आणि जे तिथे आहे ते हलवता येणार नाही. मला राग नाही. राग असता तर मी तुझ्या पत्राला उत्तर दिले नसते. मला लागले होते, अंजना, आणि ते तुला नीट कळावे असे वाटत होते. नुसते बोलून तुला कधी काही कळले नाही.

आता आणखी एक गोष्ट. वहिनी कुठे, असे शेजारी विचारतात तेव्हा मी सांगतो, वाईला बहिणीकडे गेली आहे. तशी तुझी आई जाते अधूनमधून. पण यावेळी तिने बहिणीसाठी काही नेलेले नाही. दुपटी नेली, लाडवांचा डबा नेला. मी मागच्या अंगणात टाकीचे पाणी बदलायच्या बादल्या धूत होतो. तेव्हा ती पुढच्या दाराने गेली. लग्न झाल्यापासून न विचारता ती कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही गेली नव्हती. एस.टी. स्टँडवर ज्यांनी तिला पाहिले त्यांनी सांगितले की ती सातारा गाडीत बसली. ती तुझ्याकडेच आहे. मला विचारायचे कारण नाही.

मी स्वतः भात लावतो, तो रोज खालून लागतो. पण ते महत्त्वाचे नाही. तिला सांग, या आठवड्यात परत आली तर मी काही बोलणार नाही. तुझे बाळंतपण तुझ्या सासूने करावे, तिला धीर आहे. आणि तुझी आई तिथे राहिलीच, तर तिलाही सांगून ठेव की माळ्यावर अजून फळ्या आहेत, आणि आमची झोपायची खोली तुझ्या खोलीपेक्षा मोठी आहे.

बाकी क्षेम. तब्येतीस जप, असे लिहिण्याचा रिवाज आहे म्हणून लिहितो.

गंगाधर


कोंडवे, ता. सातारा
दि. १४ जानेवारी १९७५

श्री. यांस,

सा. नमस्कार. आज संक्रांत. तिळगूळ पाठवत नाही, गोड बोलायचे मनात नसताना पाठवू नये.

अंजू पाच तारखेला बाळंत झाली. मुलगी आहे. दोघी सुखरूप आहेत. बाळाचा रंग तुमच्यावर गेला आहे आणि कानाच्या पाळ्याही. शालूबाईंनी शेजारून बाज मागून आणली आहे, चार पायांची, दोरी थोडी सैल आहे. मी रोज शेगडी सरकवते, बाळ-बाळंतिणीला शेक देते. मला इथे कोणी परकी मानत नाही. चुलीशी बसायलाही जागा आहे.

तुमचे पत्र आले तेव्हा मीच ओट्यावर होते. पोस्टमनने माझ्या हातात दिले. पाकिटावरचे अक्षर पाहिले आणि घराच्या मागे उसाच्या बांधावर जाऊन वाचले. दुसऱ्यांदा वाचवले नाही. ते अंजूला दिलेले नाही. चुलीत घातले.

मी इथे पोचले तेव्हा ती सांगलीला यायला निघाली होती. ट्रंक भरली होती. मी तिला सांगितले की बाबांनी बाज तयार केली आहे, सागाची, एक खिळा न मारता. पण तुझे पाय सुजलेत, एस.टी.चे धक्के झेपायचे नाहीत, म्हणून त्यांनीच मला इकडे पाठवले. तिने लगेच विश्वास ठेवला. ती रडली ते बाज वाया गेली म्हणून. म्हणत होती, बाबांनी या वयात एवढे कष्ट घेतले आणि मी साधी त्यांच्या बाजेवर निजलेसुद्धा नाही.

शालूबाईंनाही काही माहीत नाही. घोंगडी ऊबदार आहे का, असे विचारत होत्या. मी म्हटले, अंथरली आहे. तुमच्याकडून तेवढे शिकले, खोटे न बोलता कसे बोलायचे ते.

आता जी बाई बाळ पाहायला येते तिला अंजू तेच सांगते. माझ्या बाबांनी माझ्यासाठी सहा पायांची बाज केली, सासूबाईंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली. मग शालूबाई सांगतात ती केवढी जाड आहे आणि हलवूनही कशी हलत नाही. बायका तोंडाला हात लावतात. सयाजी रजेवर आले आहेत. ते बैलगाडी नाहीतर ट्रक करून बाज इकडे आणायची म्हणत होते. मी सांगितले, ती दारातून निघत नाही. मग ते म्हणाले, निदान आम्ही तिघे येऊन सासऱ्यांच्या पाया पडून जातो. मी म्हटले, बाळ तीन महिन्यांचे होऊ दे. तेव्हा आणखी काहीतरी सांगेन. तोपर्यंत सुचेल.

मी परत येणार नाही. माळ्यावरच्या फळ्यांचे तुम्हाला हवे ते करा. आजारी पडलात तर शेजाऱ्यांकडून दोन ओळी टाका. मी येईन, एकटी येईन, बरे करून परत जाईन. ते माझे काम आहे आणि त्यात मी कसूर करणार नाही. पण त्यापलीकडे काही मागू नका.

तुम्हाला नात पाहावीशी वाटेल. मला तुमची ओळख आहे. वाटेल आणि तुम्ही ते कोणाला सांगणार नाही, एक दिवस कोट घालून गाडीत बसाल. बसू नका. तुम्ही या दारात आलात की अंजू पहिल्यांदा बाजेचेच विचारील, आणि तुम्ही खोटे बोलत नाही. तिला जे वडील हवे होते ते तिला आत्ता मिळाले आहेत. रात्री बाळाला थोपटताना त्यांच्याच गोष्टी सांगते. ते फार चांगले गृहस्थ आहेत, त्यांच्यात आणि तुमच्यात एकही गोष्ट सारखी नाही. मी चाळीस दिवसांच्या आत पोरीकडून ते काढून घेऊ शकत नाही, आणि चाळीस वर्षांनीही घेणार नाही.

तिने तुम्हाला दंडवत सांगितला आहे. तो कळवायचा की नाही याचा विचार करत होते, पण तिने सांगितले म्हणून कळवते.

लोभ तिचा आहे, तो तुमच्यावर आहे. तो टिकवायचा असेल तर सांगलीतच राहा.

अंजूची आई